सदाशिव पेठेतला आमचा दातांचा दवाखाना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

काउंटरवर, जिन्यात, मंडईत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत. दातांच्या डॉक्टरला लोक कुठेही प्रश्न विचारतात, आणि विचारावेतच. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे लिहून ठेवले आहेत. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडं असं अख्खं घर ज्या दवाखान्यात येतं, तिथे उपचारांइतकंच बोलणंही लागतं. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

दाढ किडली आहे पण दुखत नाही. मग आत्ताच कशाला यायचं?

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग. त्यात नसा नसतात, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत काहीच कळत नाही. ती आतल्या थरात, डेंटिनमध्ये उतरली की गार पाणी झोंबायला लागतं, गोड खाल्लं की कळ येते. तेव्हा बहुतेक जण दुसऱ्या बाजूने चावायला लागतात आणि दवाखाना पुढे ढकलला जातो. मग कीड नसेपर्यंत पोचते आणि रात्री आडवं झालं की ठणका सुरू होतो.

याच्या पुढचा टप्पा सगळ्यात फसवा. काहींचा ठणका चार-पाच दिवसांनी आपोआप थांबतो आणि लवंगेच्या तेलाने दाढ बरी झाली असं घरात ठरतं. दाढ बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते, म्हणून दुखणं थांबलेलं असतं. जंतू मुळाच्या टोकाशी पोचलेले असतात आणि काही महिन्यांनी एका सकाळी गाल सुजून येतो.

सुरुवातीला आलात तर एका बैठकीत सिमेंट भरून काम होतं. नसेपर्यंत गेलं की रूट कॅनॉल आणि वर कॅप. त्याहीपुढे गेलं की दाढ काढायची, आणि मग त्या जागी काय बसवायचं हा नवा खर्च. आमचं खुर्चीवरचं, शाळांमधलं आणि पालखीतलं सगळं काम एकाच गोष्टीसाठी चालतं: माणसं दुखायच्या आधी यावीत.

लवंग तेलाबद्दल एवढंच, की त्याने थोडा वेळ बधिरपणा येतो, पण नुसतं तेल हिरडीला लागलं तर हिरडी भाजते. डोकेदुखीची गोळी दाढेपाशी दाबून धरणारेही येतात. त्यानेही गाल आतून भाजतो. गोळी गिळायची असते.

दवाखान्याच्या वेळा काय? दुपारी बंद का असता?

सकाळी १० ते १, संध्याकाळी ५ ते साडेआठ. रविवारी बंद. दुपारी शटर खाली असलं तरी काम चालूच असतं. सकाळची हत्यारं धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात जातात, लॅबचा माणूस मापं न्यायला आणि कॅप द्यायला येतो, आणि ज्यांना जिना चढवत नाही अशा पेशंटांच्या घरी आम्ही याच वेळात जातो. शाळांची तपासणीही दुपारीच होते.

एखाद्या गुरुवारी महापालिकेने देखभालीसाठी पाणी बंद ठेवलं तर साठवलेल्या पाण्यावर तपासणी आणि छोटी कामं होतात, लांबलचक कामं पुढे जातात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर रस्ते मिरवणुकीला दिलेले असतात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दवाखाना बंद असतो. दाढ कुरकुरत असेल तर गणपती बसायच्या आधीच दाखवून जा. विसर्जनाच्या रात्री पेठेतून बाहेर पडून डॉक्टर शोधणं फार अवघड जातं.

अपॉइंटमेंट घेऊनही थांबावं का लागतं?

मधेच कोणीतरी ठणका घेऊन येतं म्हणून. रात्रभर न झोपलेल्या माणसाला "उद्या या" असं आम्ही म्हणत नाही. उशीर होणार असेल तर रिसेप्शनवरच्या ताई तुम्हाला निघायच्या आधी फोन करतात.

मला खूप भीती वाटते. लाजही वाटते, तोंडाची फार वाट लागली आहे.

दोन्ही गोष्टी सांगितल्यात हे चांगलं झालं. येणाऱ्यांपैकी कित्येकांचं पहिलं वाक्य "डॉक्टर, रागावू नका" हे असतं. आम्ही रागावत नाही. दहा वर्षं दाताला हात लावला नसेल, तर त्यामागे कधी पैशाची ओढाताण असते, कधी घरातलं आजारपण, कधी लहानपणी हातपाय धरून काढलेली दाढ. ते विचारून घेतलं की पुढचं काम सोपं होतं.

पहिल्या भेटीत फक्त बघतो आणि आरशात तुम्हालाही दाखवतो. सुई द्यायची वेळ आली तर आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावतो आणि औषध अगदी सावकाश सोडतो, कारण सुईपेक्षा घाईने सोडलेलं औषध जास्त दुखतं. भूल चढल्यावर दाब जाणवतो, दुखत नाही. दुखलंच तर डावा हात वर करा, आम्ही त्याच क्षणी थांबतो. हात वर केल्यावर खरंच थांबतात हे एकदा अनुभवलं की निम्मी भीती तिथेच जाते.

गाल सुजलाय. आत्ताच दाढ काढून टाका ना!

सूज जोरात असताना तिथे आम्ल वाढलेलं असतं आणि भुलीचं औषध नीट चढत नाही. "मला भूल चढतच नाही" म्हणणारे बरेच जण अशाच वेळी कुठेतरी घाईने दाढ काढून घेतलेले असतात. शक्य असेल तर आम्ही आधी पू काढून देतो, गरज असली तर औषधं देतो आणि जोर ओसरला की दाढेचं बघतो. बऱ्याचदा तेव्हा दाढ वाचवताही येते. पण ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, किंवा सूज गळ्याकडे उतरली, तर आमची वाट बघू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा.

आणि मागच्या वेळची अँटिबायोटिकची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परत त्याच गोळ्या आणू नका.

वरची दाढ काढली की नजर कमी होते का?

नाही. दातांच्या नसा वेगळ्या, दृष्टीची नस वेगळी. ज्या वयात दाढा काढायची वेळ येते त्याच वयात चाळिशीचा चश्माही लागतो, म्हणून लोकांनी संबंध जोडला असावा.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात, खरं का?

दातांवर साठलेलं किटण हिरडी आणि हाडाला मागे सरकवतं. दात आतून सुटा होत जातो, पण दगडासारख्या किटणाने शेजारच्या दातांना जखडलेला असल्यामुळे हलताना कळत नाही. किटण काढलं की मोकळी फट जिभेला लागते आणि वाटतं, डॉक्टरांनी दात हलवले. खरं तर दात वाचवायची ती शेवटची संधी असते. वर्षातून एकदा साफ करून घेणाऱ्यांवर सहसा ही वेळ येत नाही. ब्रश करताना रक्त येतं म्हणून ती जागा सोडून देऊ नका, रक्त येतं तिथेच जास्त हळुवार आणि नीट ब्रश फिरायला हवा.

दुधाचेच दात आहेत, पडणारच. त्यावर खर्च कशाला?

दुधाचे दात २०. ते साधारण सहाव्या वर्षापासून पडायला लागतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ आणखी निदान पाच वर्षं त्याला वापरायची आहे. ती ठणकत असेल तर मूल एका बाजूने जेवतं, पोळी गालात धरून बसतं, रात्री उठतं. वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. पुढे तारा लावाव्या लागतात त्यामागे कधी कधी हेही एक कारण असतं.

यात आईवडिलांची सर्वात जास्त फसगत होते ती सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेबाबत. ही कायमची दाढ सगळ्यात मागे येते, तिच्यासाठी दुधाचा कुठलाही दात पडत नाही. त्यामुळे घरात कोणाला पत्ताच नसतो आणि किडली तरी ती दुधाचीच समजली जाते. तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री मोबाइलच्या उजेडात त्याच्या तोंडात मागे बघा. तिच्यावर खोल खाचा असतात, त्या वेळेत सीलंटने, म्हणजे दातावर चिकटणाऱ्या पातळ लेपाने बुजवल्या तर कीड बऱ्यापैकी टळते.

पडलेला दात मात्र घरी घेऊन जा. तुळशीत पुरा, नाहीतर उंदीरमामाला द्या. मुलांना ते फार आवडतं.

बाळाला पहिल्यांदा कधी आणायचं? घरून काय सांगून आणायचं?

पहिला दात आला की, किंवा पहिल्या वाढदिवसाच्या आसपास. ठणका घेऊन पहिल्यांदा दवाखान्यात येणारं मूल आणि ताईच्या मांडीवर बसून खुर्ची वरखाली करून बघितलेलं मूल, या दोघांचं पुढचं सगळं आयुष्य दातांच्या बाबतीत वेगळं जातं. येताना "काही करणार नाहीत" किंवा "सुई नाही देणार" असं म्हणू नका. त्या शब्दांनीच सुईची आठवण होते. "डॉक्टरकाका तुझे दात मोजणार आहेत" एवढं पुरे. आणि घरात जेवत नाही म्हणून "डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शन देईन" ही धमकी कृपा करून देऊ नका.

फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. ब्रशभर लांब पट्टी मोठ्यांनाही लागत नाही. साधारण सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी करून द्यावा. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे चार दात भराभर किडतात, तेवढी एक सवय लवकर सोडवा.

खेळताना मुलाचा दात मुळासकट निघाला तर?

हे उत्तर शाळेच्या शिक्षकांनी आणि मैदानावरच्या प्रशिक्षकांनी पाठ करून ठेवावं. कायमचा दात असेल तर तो शोधा आणि पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका, ते घासू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात काही सेकंद धरा. जमत असेल तर लगेच जागेवर बसवा आणि रुमाल चावायला द्या. नाहीच जमलं तर दुधात घालून अर्ध्या तासाच्या आत दातांच्या डॉक्टरकडे पोचा. जितका उशीर, तितकी तो परत धरायची शक्यता कमी. टिश्यू पेपरात गुंडाळून आणलेला कोरडा दात वाचवणं फार कठीण असतं. दुधाचा दात निघाला असेल तर परत बसवायचा नाही, आत तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते.

शाळांमध्ये जाता तेव्हा नक्की काय करता?

वर्ग रांगेत उभा करून, प्रत्येकाचं तोंड दहा सेकंद बघून "किती मुलं तपासली" हा आकडा वर्तमानपत्राला देणं सोपं असतं. त्याने एकाही मुलाची कीड थांबत नाही. आम्ही एका वेळी एकच वर्ग घेतो आणि त्याच शाळेत परत परत जातो.

मुलांना सर्वात जास्त आवडते ती रंगाची गोळी. ती चघळली की दातांवर चिकटलेला थर गुलाबी होतो आणि आपण सकाळी ब्रश कुठे फिरवलाच नाही ते आरशात दिसतं. वर्गात पाच मिनिटं नुसता गोंधळ माजतो. मग नळापाशी रांग लागते आणि गुलाबी जाईपर्यंत सगळी मुलं मन लावून घासतात. व्याख्यानाने जे होत नाही ते या गोळीने होतं. दृष्टी नसलेल्या मुलांच्या हातात आम्ही दातांचा मोठा साचा आणि मोठा ब्रश देतो. हिरडी कुठे संपते आणि दात कुठे सुरू होतो हे बोटांनी एकदा कळलं की ती मुलं डोळसांपेक्षा नीट ब्रश करतात.

तपासणीनंतरची चिठ्ठी मुलाच्या दप्तरात तशीच राहते हे लक्षात आल्यापासून वर्गशिक्षकांच्या मदतीने आम्ही पालकांना फोन करतो. ज्यांना दिवसाची मजुरी बुडवून येणं परवडत नाही, त्यांना संध्याकाळी शेवटची वेळ देतो. या फोनवर कोणी शाबासकी देत नाही, पण अख्ख्या उपक्रमातलं खरं काम तेच आहे असं आमचं ठाम मत आहे.

पालखीत सेवा देता असं ऐकलं. रस्त्यावर दातांचं काय करता येतं?

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामी असतात, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत. त्या दोन दिवसांत पेठांमध्ये जिथे तिथे पाय दाबून देणारे, चपला शिवून देणारे, दाढी करून देणारे बसलेले असतात. त्यांच्या शेजारी आमचंही टेबल असतं.

दात काढत नाही. दुसऱ्या दिवशी माउलींबरोबरचा माणूस दिवे घाट चढणार असतो, तुकोबांबरोबरचा लोणी काळभोरकडे निघालेला असतो. वाटेत रक्त आलं किंवा सूज आली तर त्याने कुठे जायचं? म्हणून आम्ही तेवढंच करतो जे चालत्या माणसाला पेलवेल. जीभ किंवा गाल कापणारी दाताची धार घासून देतो, पडलेल्या खड्ड्यात तात्पुरतं औषध भरतो, बीपी-शुगरच्या गोळ्या विचारून मगच दुखण्याची गोळी देतो. आणि चिठ्ठीवर "डावीकडची खालची, शेवटून दुसरी दाढ" असं साध्या मराठीत लिहून देतो, म्हणजे गावाकडच्या डॉक्टरला कळेल आणि घरच्यांनाही.

कवळ्यांचं काम सर्वात जास्त निघतं. एका आजींनी पदराच्या गाठीतून कवळी काढून टेबलावर ठेवली. हिरडीला खुपते म्हणून आळंदीपासून त्यांनी ती घातलीच नव्हती, भाकरी पाण्यात भिजवून खात होत्या. आम्ही त्यांना हिरडी कुठे लाल झालीये ते पाहून कवळीची तेवढीच कड घासून गुळगुळीत करून दिली. त्यांनी कवळी बसवली, शेजारच्या टेबलावरून राजगिऱ्याचा लाडू मागून घेतला, आमच्यासमोर तो सावकाश चावून खाल्ला आणि म्हणाल्या, "आता पंढरपूरपर्यंत बघायला नको." दहा मिनिटांचं काम होतं.

मिश्री लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. थोडीशीच लावते.

घरकाम करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या कितीतरी बायका आम्हाला हेच सांगतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. मिश्री, मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि शरीराला त्या धक्क्याची सवय लागते, आतड्यांनाही. म्हणूनच ती मंजन असूनही दिवसातून तीन-चारदा लावावीशी वाटते. रोज ज्या जागी बोट फिरतं तिथली हिरडी खाली उतरते, दात झिजतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दिवस गेलेले असताना लावली तर बाळाचं वजन कमी भरू शकतं.

आम्ही पहिल्या भेटीत "आजपासून बंद" असं म्हणत नाही, कारण म्हणून होत नाही. आधी दुपारची आणि रात्रीची सोडवतो, सकाळची शेवटी. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, मग साधा ब्रश आणि पेस्ट. चारजणी मिळून सोडणाऱ्यांचं जास्त टिकतं, म्हणून वस्तीत गेलो की एकटीशी न बोलता ओट्यावर सगळ्यांना जमवतो. तंबाखू सोडायला फोनवर मोफत मदत मिळते, सरकारी क्रमांक १८००-११-२३५६.

सुपारी आणि गुटख्याचं वेगळं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंड आखडलेली पोरं येतातच. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. घरी करून बघायची खूण: स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. "हल्ली पाणीपुरी अख्खी जात नाही" असं सांगत आलेल्या कॉलेजच्या मुलांमध्ये आम्हाला हा आजार सापडला आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट अजिबात सहन न होणं, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, यातलं काहीही असलं तर त्याच आठवड्यात दाखवा. ही तपासणी आम्ही कोणाचीही पैसे न घेता करतो, अपॉइंटमेंटही लागत नाही.

हत्यारं स्वच्छ असतात हे आम्ही कसं ओळखायचं?

विचारा, कोणीही रागावणार नाही. प्रत्येक पेशंटची हत्यारं बंद पाकिटात ऑटोक्लेव्हमध्ये जातात. वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला किंवा त्याहून जास्त तापमानाला जंतू मरतात आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो. पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं. सुई प्रत्येकासाठी नवीन.

दवाखान्याचा कचरा कुठे जातो?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ताचे बोळे आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, ग्लव्ह्ज आणि नळ्या लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. हा कचरा न्यायला गाडी वेगळी येते. यातलं काहीही दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंच्या बादलीत जाता कामा नये, कारण त्या हाताने वर्गीकरण करतात. हाच नियम घरीही पाळा. इन्शुलिनच्या सुया कचऱ्यात मोकळ्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण पक्कं लावा आणि वर 'सुया' असं लिहून वेगळी द्या.

आजींना जिना चढवत नाही. घरी येता का?

येतो, दुपारी. घरी तपासणी, कवळीची दुरुस्ती, हलणारा दात काढणं एवढं होतं. ड्रिल लागणारी कामं होत नाहीत. पडून असलेल्या माणसाचं तोंड दिवसातून दोनदा ओल्या मऊ ब्रशने पुसून घ्यायला हवं. नाहीतर तोंडातले जंतू श्वासाबरोबर छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा. वृद्धाश्रमात गेलो की आम्ही कवळीवर आतून नाव घालून देतो, धुताना अदलाबदल होऊ नये म्हणून.

गरोदरपणात, मधुमेहात किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असताना उपचार चालतात का?

चालतात, पण आम्हाला आधी सांगा. गरोदरपणात चौथा ते सहावा महिना सोयीचा, ठणका किंवा सूज असेल तर कधीही या. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. म्हणून अशा पेशंटांनी सहा महिन्यांनी यावं, आणि येताना उपाशी येऊ नये, नेहमीसारखं खाऊन आणि गोळी घेऊन यावं. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा आहे म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्यात दातापेक्षा मोठा धोका आहे. तुमच्या डॉक्टरांशी आम्ही बोलतो.

खर्च किती येईल? विमा चालतो का?

कामाला हात लावायच्या आधी आकडा कागदावर लिहून देतो. एकदम जमत नसेल तर कुठलं काम थांबू शकतं आणि कुठलं नाही तेही लिहितो. बहुतेक आरोग्यविम्यांमध्ये अपघात सोडून दातांचे रोजचे उपचार बसत नाहीत, पॉलिसी नीट वाचा. आमचा आकडाही जड जात असेल तर संकोच न करता सांगा. पुण्यात भारती विद्यापीठ, सिंहगड, रंगूनवाला आणि पिंपरीला डी. वाय. पाटील अशी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी. आम्ही स्वतः चिठ्ठी देऊन पेशंट पाठवतो.

सणासुदीचं गोड बंद करायचं का?

मुळीच नाही. उकडीचे मोदक जेवणाबरोबर खा, नंतर चूळ भरा, प्रश्न मिटला. दातांना त्रास होतो तो दिवसभर थोडं थोडं खात राहिल्याने, कारण प्रत्येक घासानंतर तोंडात अर्धा-पाऊण तास आम्ल राहतं. फराळाचा डबा टीव्हीसमोर उघडा ठेवण्यापेक्षा ताटात वाढून घ्या. रूट कॅनॉल झालेल्या पण कॅप न बसवलेल्या दाढेने कडक चकली किंवा चिक्की फोडू नका, दिवाळी आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे तुटलेल्या दाढा येतात त्या बहुतेक याच.

मला शिबिरात मदत करायची आहे. मी डॉक्टर नाही.

मग तर नक्की या. चिठ्ठ्या लिहायला, लहान मुलांना रांगेत गुंतवून ठेवायला, पालकांना फोन करायला माणसं हवीच असतात. कन्नड, तेलुगू किंवा हिंदी नीट बोलणारं कोणी असेल तर बांधकामांवरच्या वस्त्यांत फार उपयोग होतो. शाळांचं काम जुलैपासून जानेवारीपर्यंत चालतं, पालखीचं आषाढी एकादशीच्या आधी. संध्याकाळी दवाखान्यात येऊन रिसेप्शनवरच्या वहीत नाव, भाषा आणि मोकळी वेळ लिहून जा.